यापुढे कोणालाही पाठवू नये

डॉक्टरने स्टेथोस्कोप आधी स्वतःच्या तळहातावर दाबून धरला, कोमट केला आणि मग माझ्या छातीवर ठेवला. एवढंच झालं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथे अपमान करून घ्यायला गेलो होतो. कपाळाला एखादी आठी, खुर्ची चार बोटं मागे सरकल्याचा आवाज, मी वापरलेलं पेन चिमटीत धरून बाजूला ठेवणं, यातलं काहीही चाललं असतं. बारा वर्षं मी या माणसावर डूख धरून होतो. आज त्याने पुन्हा एकदा तोंड उघडावं म्हणून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्या बाकावर पाऊण तास बसलो होतो. आणि हा गृहस्थ मला गार लागू नये याची काळजी घेत होता! "मोठा श्वास घ्या," तो म्हणाला. मी घेतला. "सोडा." सोडला. त्याचे केस पांढरे झाले होते, कानाच्या पाळ्या लांबल्या होत्या, अंगाला साध्या साबणाचा वास येत होता. माझ्या आठवणीतल्या माणसाला वास नव्हता. त्याला फक्त आवाज होता.

मी खोटा पेशंट होतो. आमच्या केंद्राचं काम तरुण पोरांमध्ये आहे; ज्यांचं पोरांशीच जमतं अशी पोरं, आणि ज्यांचं दोन्हीकडे जमतं तीही. त्यांना एचआयव्ही होऊ नये म्हणून आम्ही खपतो. निरोध वाटतो, रोज घ्यायच्या गोळीबद्दल सांगतो, बोटाला टोचून तपासणी करतो, आणि कोणाची कधी चूक झालीच तर बहात्तर तासांच्या आत त्याच्या पोटात औषध जाईल असं बघतो, कारण त्या मुदतीत सुरू करून अठ्ठावीस दिवस घेतलं तर आजार बहुतेक वेळा दारातूनच परत जातो. औषध लिहून देणारे डॉक्टर मात्र आमच्याकडे नाहीत, ते शहरभर विखुरलेले. कोणाकडे पोरांना पाठवायचं याची एक यादी आहे, आणि वर्षातून एकदा यादीतल्या प्रत्येक डॉक्टरकडे आमच्यातला एकजण पेशंट बनून जातो. डॉक्टरला पत्ता नसतो. दार लावतो का, टोमणे मारतो का, घरी सांगेन म्हणून धमकावतो का, सगळं डोक्यात ठेवायचं, बाहेर पडायचं आणि तासाभरात अठरा प्रश्नांचा तक्ता भरायचा. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. मी तोतरं बोलू शकतो, हवं तेव्हा डोळ्यांत पाणी आणू शकतो, बायको आणि दोन मुलं आहेत म्हणून सांगून पुढच्या वाक्याला मुलांच्या शाळेची तक्रारही करू शकतो. कडक नियम एकच, ओळखीच्या डॉक्टरकडे जायचं नाही. यादी वाटताना आमच्या मॅडमनी विचारलंही होतं, "कोणाचं कोणाशी काही जुनं आहे का? असेल तर आत्ताच सांगा, मागाहून रडगाणं नको." मी पंख्याकडे बघत बसलो. माझ्या कागदावर तिसऱ्या ओळीत त्याचं नाव होतं. मोठं इस्पितळ सोडून त्याने स्वतःचा दवाखाना टाकला होता आणि आपण होऊन आमच्या यादीत येण्यासाठी अर्ज केला होता. अर्ज!

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या मोठ्या इस्पितळाच्या लांब पॅसेजमध्ये. मी एकोणीसचा, खडू एकवीसचा. खडू हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण कॉलेजात, खाणावळीत आणि शेवटी माझ्याही तोंडात तेच बसलं होतं. मास्तर व्हायला शिकत होता, अंगाने किडकिडीत, आणि शर्टाचा खिसा कायम पांढरा. आम्ही एका खोलीत राहायचो. घरमालकाला आम्ही मावसभाऊ म्हणून सांगितलं होतं, आणि खडू त्या नसलेल्या मावशीच्या इतक्या चहाड्या करायचा की घरमालकीण तिच्या तब्येतीची चौकशी करायला लागली होती. महिनाभर ताप हटेना म्हणून एचआयव्हीची तपासणी केली. कागद घ्यायला गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, बाकं भरलेली, कडेवरची मुलं किरकिरत होती. डॉक्टर केबिनच्या दारात उभा राहून एकेकाला पुकारत होता. खडूचा कागद त्याने वाचला, खडूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "अच्छा, म्हणजे त्यातला आहेस होय तू? तरीच! सिस्टर, यांची रांग वेगळी लावा, इथे बायकामुलं बसतात." कोणीतरी हसलं. त्या हसण्याने त्याला चेव आला. "तुमच्यात नवरा कोण आणि बायको कोण, तेवढं तरी सांगून जा." आता लोक मोकळेपणी हसले. खडूने कागदाची घडी घातली, मग त्या घडीची घडी, मग पुन्हा एकदा. कागद आणखी दुमडेना तेव्हा थांबला.

त्यानंतर तो कुठल्याही डॉक्टरच्या दारात गेला नाही. गोळ्या मिळत होत्या, फुकट मिळत होत्या. त्या रोज घेऊन माणसं म्हातारी होतात, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरतात, शेजाऱ्यांशी पाण्यावरून भांडतात; मी हे पोरांना दिवसातून चारदा सांगतो. खडूपुढे मी हात जोडले, पाय धरले, दोन दिवस जेवलो नाही. "त्या दारात नाही जायचं मला," तो म्हणायचा. दुसरं दार बघू म्हटलं तर म्हणायचा, "दुसऱ्या दारात काय वेगळा माणूस बसलाय?" पावणेदोन वर्षांनी त्याचा थोरला भाऊ येऊन त्याला घेऊन गेला. मागच्या खोलीत ठेवलं होतं. वहिनीला माझी दया आली म्हणून तिने एकदा दहा मिनिटं आत सोडलं, उभ्याउभ्याच. मला वाटलं, खडू मी कसा आहे ते विचारेल. त्याने विचारलं, "तो डॉक्टर अजून तिथेच असेल का रे?" आठवड्याभरात गेला. मला कळलं ते आणखी चार दिवसांनी. तेव्हापासून मी कधी देवाला शिव्या घातल्या, कधी रोगाला, कधी त्या भावाला, पण ते सगळे येऊनजाऊन असायचे. मुक्कामाला राहिला तो डॉक्टरच. मी त्याला आंघोळ करताना मारलाय, बसमध्ये उभ्याने मारलाय, सभेत मॅडम वर्षाचा अहवाल वाचत असताना मारलाय. एकदा त्याच्या जिभेचं काय काय केलं ते सांगितलं तर ऐकणाऱ्याला जेवण जाणार नाही.

तर त्या जिभेसमोर मी बसलो होतो. माझ्या बनावट गोष्टीत मी गोदामात कारकून होतो आणि परवा एका मित्राबरोबर निरोध फाटला होता. मी मुद्दाम गुळमुळीत बोललो, कारण गुळमुळीत बोलणाऱ्यावर डॉक्टर लवकर चिडतात. तो चिडला नाही. उठून त्याने दार लावलं, मोबाइल पालथा ठेवला आणि विचारलं, "संबंध पुरुषांशी येतात, बायकांशी, की दोघांशीही? औषधासाठी विचारतोय, बाकी काही नाही." जेवलात का म्हणून विचारावं तितक्या साध्या आवाजात. मग मी माझा हुकमी डाव टाकला. "मला लाज वाटते, डॉक्टर." यावर निम्मे डॉक्टर म्हणतात, वाटायलाच पाहिजे. हा म्हणाला, "वाटू दे. लाज वाटत असूनही आलात ना?" मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हे बोलायला तो कुठे शिकला? कोणाच्या जिवावर शिकला? त्याने औषध समजावलं, कधी घ्यायचं, मळमळलं तर काय करायचं, एखादी गोळी चुकली तर काय, सगळं दोनदा. "सोबत कोणी आलंय का? असेल तर आत बोलवा, तुम्हाला चालत असेल तर." आणि चिठ्ठी लिहिता लिहिता, मान वर न करता, "बाहेर आमच्यापैकी कोणी काही वेडंवाकडं बोललं तर मला येऊन सांगा. पूर्वी मीही बोलायचो लोकांना. वाईट बोलायचो." एखादा म्हणतो ना, पूर्वी मीही सिगारेट ओढायचो, तसं. ओढायचो, आता सोडली, बरं वाटतं. त्याला तो पॅसेज आठवत होता का? खडू आठवत होता का, त्याची ती घडी? की 'लोकांना' म्हणून त्याने सगळ्यांची एकाच शब्दात बोळवण करून टाकली होती? आणि मला तर त्याने ओळखलंच नाही. इतक्या जवळ बसलो, छातीवर त्याचा हात ठेवून घेतला, तरी नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच फार लागलं.

तक्ता भरायला मी दोन गल्ल्या सोडून झेरॉक्सच्या एका दुकानाच्या पायरीवर बसलो. आत यंत्र एकसारखं खटखटत होतं आणि कोणीतरी कोणाच्यातरी लग्नाच्या अर्जाच्या प्रती काढत होतं. पहिला प्रश्न, बोलताना दार बंद केलं का? पेन 'हो'वर गेलं आणि तिथेच अडून बसलं. अठरा प्रश्नांना अठरा चांगली उत्तरं दिली की पुढे काय होणार ते मला दिसत होतं. पोरं त्याच्याकडे जाणार, आमच्याकडे येऊन सांगणार, काय देवमाणूस आहे हो. खडू गेला आणि हा देवमाणूस होणार, आणि ते प्रमाणपत्र माझ्या हातचं! मी 'नाही'वर खूण केली. दुसरी सोपी गेली. चौथ्या प्रश्नाला तर मला मजा यायला लागली. टोमणे मारले का? हो. शक्य असल्यास शब्द जसेच्या तसे लिहा. शक्य होतं. बारा वर्षं जपलेले शब्द मी जसेच्या तसे लिहून काढले, रांग वेगळी लावा, इथे बायकामुलं बसतात. एक अक्षर पदरचं घातलं नाही. मी खोटं लिहीत नाहीये, फक्त तारीख बदलतोय, असं मी स्वतःला समजावलं आणि ते मला चक्क पटलं.

तेराव्या प्रश्नाला अडलो. सोबत आलेल्या व्यक्तीशी डॉक्टर कसे वागले? आता हे सांगायलाच हवं. त्या दिवशी पॅसेजमध्ये खडूने कागद खिशात घातल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळला होता. "आणि तू कोण रे याचा?" सगळी बाकं माझ्याकडे बघायला लागली. खडूसुद्धा बघत होता. मी म्हणालो, "कोणी नाही. शेजारी राहतो." खडू माझ्या दोन पावलं पुढे चालत घरी आला. कुलूप काढून आत आल्यावर म्हणाला, "शेजारी, चहा टाका." आणि हसला. मीही हसलो, चहा टाकला. पुढे कधी लाडात आला की तो मला शेजारी म्हणायचा, आणि दर वेळी मी हसायचो, आणि दर वेळी त्याचे डोळे माझ्यावर जरा जास्त वेळ राहायचे. मी तेव्हा 'मी याचा आहे' म्हणालो असतो तर खडू दुसऱ्या दारात गेला असता का, हा प्रश्न मी बारा वर्षं डॉक्टरच्या अंगाखाली दडवून ठेवला होता. त्या पायरीवर तो बाहेर आला. मला इतकी घाई कशाची झालीये ते अगदी लख्ख कळलं, आणि कळूनही मी पेन खाली ठेवलं नाही. उलट जोर चढला. मी एकटाच गेलो होतो, तरी तेराव्या प्रश्नापुढे लिहिलं, 'हाकलून दिलं.'

तक्त्याच्या तळाशी एक लाल चौकट असते. एरवी कोणाबद्दल वाईट अहवाल आला तर खात्री करायला आमच्यातला दुसरा माणूस जातो. पण त्या चौकटीत खूण केली तर दुसरा जात नाही. एकाची झाली तेवढी शोभा पुरे, आणखी एका पोराला त्याच विहिरीत कशाला ढकला, म्हणून. चौकटीशेजारी छापलंय, 'यापुढे कोणालाही पाठवू नये.' ही चौकट माझ्या हट्टापायी आली होती. मॅडम नको म्हणत होत्या, एकाच माणसाच्या शब्दावर कोणाला काढायचं कसं, त्याला बाजू मांडू द्यायला नको का? मी टेबलावर हात आपटून म्हणालो होतो की खडूला कोणी मांडू दिली होती? खडू माझा शेजारी होता, एवढंच त्यांना ठाऊक होतं; डॉक्टर कोण ते नव्हतं. आता त्याच चौकटीत मी खूण केली, एकदा केली, वरून पुन्हा गिरवली. तक्ता वाचून मॅडमनी एवढंच म्हटलं, "तू म्हणतोस म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." आणि दुसऱ्या दिवशी नाव यादीतून गेलं.

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जेवण जायला लागलं, दुपारी खुर्चीतच डुलकी लागायला लागली. केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "काय हो, लॉटरी लागली की काय? शीळ घालताय हल्ली." आठवड्याने मॅडम म्हणाल्या, "त्या डॉक्टरांचा फोन होता. का काढलं, विचारत होते." तो चिडेल, आरडाओरडा करेल, आमच्या दारात येऊन नाक घासेल, या दिवसाची मी वाट बघत होतो. "मग?" "कारण सांगायची पद्धत नाही, असं सांगितलं. म्हणाले, बरं. माझं काही चुकत असेल तर पुन्हा शिकायला येतो, वर्ग असला की कळवा." शिकायला येतो! सूड घ्यावा तर हा माणूस त्याची चव लागू देत नव्हता. मी मुद्दाम दोनतीन वेळा त्या गल्लीतून गेलो. एकदा तो दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून केळं खाताना दिसला, मागे बाक अर्धा रिकामा होता. रिकाम्या बाकाने जरा समाधान झालं. तेवढ्यावर मी दोन आठवडे काढले.

मग एका मंगळवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, तो लिफ्टवाला आला. बावीसचा असेल. उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचा, नखांत ग्रीस, कमरेला पान्ह्यांचा पट्टा. खुर्चीत बसला की पट्टा खणखणायचा आणि तो 'सॉरी' म्हणायचा. शुक्रवारी संध्याकाळी आठला एकाबरोबर झालं, निरोध नव्हता, तो माणूस मागाहून म्हणाला की त्याला आजार आहे आणि गोळ्या त्याने सोडल्यात. मी मनातल्या मनात तास मोजले. अठ्ठ्याऐंशी. "इतके दिवस काय करत होतास?" माझा आवाज चढला. "शनिवारी सकाळीच तुमच्या हेल्पलाइनला फोन केला ना मी," तो म्हणाला. "त्यांनी नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे म्हणाले, हे लिहून देणारे डॉक्टर सोमवारी भेटतील. सोमवारी एका इमारतीत दोन म्हाताऱ्या बायका लिफ्टमध्ये अडकल्या, साहेब सोडेचना." राहतोस कुठे, म्हणून मी विचारलं, आणि त्याने ती गल्ली सांगितली. "आमच्या खालीच एक दवाखाना आहे, रविवारीपण उघडा असतो. मी फोनवर विचारलंही, तिथे जाऊ का? तर त्या बाई म्हणाल्या, अजिबात नको, तिथे आपल्या मुलांना फार वाईट वागवतात. चांगल्या होत्या हो बाई, काळजीने बोलत होत्या." बोटाला टोचलं, पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे त्या दिवसापर्यंत रक्तात काही दिसत नव्हतं. मोठ्या इस्पितळाला फोन लावला, तिथले डॉक्टर म्हणाले, मुदत उलटली, आता देऊन उपयोग नाही. मी त्याला चहा पाजला आणि सहा आठवड्यांनी यायला सांगितलं. "होईल ना नीट?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "होईल."

त्या सहा आठवड्यांत मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. एका वेळेला लागण होतेच असं नाही. आधीच कुठूनतरी झाली असेल आणि पट्टीत दिसली नसेल. सोमवारी त्याच्या साहेबाने सोडलं असतं तर काही प्रश्नच नव्हता, म्हणजे खरा गुन्हेगार तो साहेब. इस्पितळवाले, त्या अडकलेल्या म्हाताऱ्या, कोणालाही मी सोडलं नाही. पण या सगळ्यात एकदाही मॅडमकडे जाऊन 'तो तक्ता खोटा आहे' असं म्हटलं नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा डोळ्यांसमोर डॉक्टर आला, पुन्हा यादीत, पुन्हा भरलेला बाक, आणि माझे दात आवळले गेले. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण एक पोरगा वेठीला धरलेला असतानाही मला तो सूड परत द्यायचा नव्हता. माझ्याजवळ खडूचं म्हणून दुसरं काही उरलंच नव्हतं.

तो दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आला. पट्टा काढून हातात धरला होता, खणखणू नये म्हणून. पट्टीवर दोन रेघा आल्या. दुसऱ्या बनावटीची पट्टी घेतली, मग तिसरी. त्याला काही सांगावं लागलं नाही, तो माझ्या हातांकडे बघत होता. मग म्हणाला, "आता?" मी नेहमीचं सगळं सांगितलं. रोज एक गोळी, दर महिन्याला दाखवायचं, काही महिन्यांत रक्तात विषाणू सापडेनासा होतो, मग दुसऱ्याला लागतही नाही, माणूस म्हातारा होतो. तो नीट ऐकत होता, जसं कोणी नव्या यंत्राची माहिती ऐकतं. "दर महिन्याला नदीपलीकडे मला नाही जमायचं," तो म्हणाला. "आई अंथरुणाला आहे. कामावरून निघालो की तिचं करायचं असतं. एकदोन महिने जाईन, मग सुटेल, मी मला ओळखतो." मग म्हणाला, "आमच्या खालचा तो डॉक्टर हे औषध देतो?"

"देतो."

"पण तो वाईट आहे म्हणे."

आपण काहीतरी दुसरं बघू, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. किती सोपं होतं! त्याला कधी काही कळलं नसतं. महिना, दोन महिने, तीन महिने तो नदी ओलांडून गेला असता, मग एक तारीख चुकली असती, मग दुसरी. माणसं औषध कशी सोडतात ते मी जवळून पाहिलंय. आणि सांगितलं तर हा उठून जाईल, पुन्हा आपल्यापैकी कोणावर विश्वास ठेवणार नाही, तेही तितकंच खरं होतं. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"डॉक्टर चांगला आहे," मी म्हणालो. "तुझ्याशी नीट वागेल. त्याच्याकडेच जा."

"मग त्या बाई तसं का म्हणाल्या?"

"त्यांना खोटं कळवलं होतं. मी कळवलं होतं."

त्याला ते लगेच समजलं नाही. "तुम्ही? कशाला?"

"बारा वर्षांपूर्वी त्याने माझ्या माणसाला चारचौघांत वाट्टेल ते बोलून हाकललं. तो परत कधी औषधाला गेला नाही. मेला." माझ्या माणसाला, असं मी आयुष्यात पहिल्यांदा कोणासमोर म्हणालो, आणि म्हणालो ते या पोरासमोर. "त्याचा मला सूड घ्यायचा होता."

तो भुवया आकसून विचार करत बसला. लिफ्ट नेमकी कुठे अडकली ते शोधताना तो असाच बसत असणार. "मग डॉक्टरचं काय झालं?"

"काही नाही. पेशंट थोडे कमी झाले असतील."

"आणि मला हे."

"हो."

तो मारेल असं मला वाटलं. खरं म्हणजे मला ते हवं होतं, फार हवं होतं. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंड वर केलं. त्याने चष्म्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चष्मा घाला," तो म्हणाला. मी घातला. मग काहीतरी करायचं म्हणून चिठ्ठ्यांचं पॅड ओढलं, डॉक्टरच्या नावाने दोन ओळी लिहायला लागलो. त्याने पॅडवर हात ठेवला. जोराने नाही, नुसता ठेवला. नखातलं ग्रीस माझ्या अर्ध्या ओळीला लागलं. मग उठला, पट्टा कमरेला बांधला आणि बाहेर गेला. आमच्या खोलीची भिंत म्हणजे एक पातळ फळी आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं.

"झालं का रे?" सिस्टरचा आवाज आला. "चिठ्ठी मिळाली?"

"तुम्ही लिहून द्याल?" तो म्हणाला. "आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या नावाने."

"मी? आत ते बसलेत ना. का रे, नीट वागले नाहीत का तुझ्याशी?"

"वागले," तो म्हणाला. "नीटच वागले. पण त्यांच्या हातची नको."